डाव्या हाताची करंगळी

नांदेडच्या ज्या कॉलेजात मी हेडक्लार्क आहे तिथे हजेरीचं मशीन बसलं, त्या दिवसापासून त्याचं आणि माझं जमलेलं नाही. प्राचार्यांपासून माळीकाकांपर्यंत सगळे येता येता बोट टेकवतात आणि मशीनच्या पोटातली बाई त्यांना गोड आवाजात ‘थँक यू’ म्हणते. मी बोट टेकवलं की तिचा सूर बदलतो. ‘प्लीज ट्राय अगेन.’ मी पुन्हा टेकवतो, ती पुन्हा तेच म्हणते. मग मी इकडेतिकडे बघून बोट हळूच टकलावर घासतो. टकलावर केस नसले तरी तेल असतं, आणि हिवाळ्यात कोरड्या पडलेल्या बोटाला तेवढा ओशटपणा मिळाला की कधीकधी बाई विरघळते. हा उपाय माझा मीच शोधून काढलाय. आयुष्यात मी लावलेला हा एकुलता एक शोध.

त्यामुळे लातूरहून ताईचा फोन आला आणि ती म्हणाली, “पार्कात जाताना बोटाचा ठसा घेतेत म्हणं,” तेव्हा मी आधी स्वतःची बोटं बघून घेतली.

पार्क नवीनच झालं होतं, लातूर ओलांडून औशाकडे जाताना रस्त्याला लागूनच. पाण्याच्या घसरगुंड्या, अंगात आल्यासारखे फिरणारे पाळणे, प्लॅस्टरचे हत्ती आणि मधोमध एक भलामोठा आकाशपाळणा. एका पासावर दिवसभर कितीही वेळा आतबाहेर करता येतं. फक्त एकाच्या पासावर दुसरा कुणी घुसू नये म्हणून येता-जाता बोट टेकवायचं. ही व्यवस्था आम्हां लोकांना ओळखूनच केलेली असणार. नाहीतर आमच्या घरातल्या एका पासावर दोन चुलतभाऊ, एक मामेभाऊ आणि वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचा मेहुणा एवढे लोक सहज पार्क बघून आले असते.

मला जायचं नव्हतं. पोरीला जायचं होतं, पण पोरीचं काय, तिला समजावता आलं असतं. आईला जायचं होतं, आणि आईला समजावण्याचं काम आमच्या घरात आजवर कुणालाही जमलेलं नाही.

आई पंचाहत्तरी ओलांडलेली. कानाने थोडी कमी, पायाने मात्र चांगली. तिला आकाशपाळण्यात बसायचं होतं. लहानपणी जत्रेत ती पाळण्याच्या रांगेत उभी राहिली आणि नंबर यायच्या आत तिच्या वडिलांनी तिला उचलून बैलगाडीत घातलं. लग्नानंतर खंडोबाच्या जत्रेला दरवर्षी जाणं व्हायचं, पण आमच्यापैकी कुणीतरी कायम तिच्या कडेवर. आम्ही मोठे झालो तेव्हा आम्ही पाळण्यात आणि आई पाळण्याखाली, सगळ्यांच्या चपला सांभाळत. पाळण्यात चपला घालून बसलं की त्या वरून खाली कुणाच्यातरी डोक्यावर पडतात, म्हणून आमच्याकडे चपला काढूनच बसायची पद्धत. मला अजून आठवतं, वरून बघितलं की आई एवढीशी दिसायची आणि तिच्याभोवती चपलांचं दुकान.

“आता न्हाई बसले तर कवा बसणार हाय?” ती म्हणाली. ह्यावर माझ्याकडे उत्तर होतं. बीपी, शुगर, उंची, चक्कर. पण ते ऐकून घ्यायला ती जागेवर नव्हती; पिशवीत लुगडं भरायला गेली होती.

आईची एक भानगड इथेच सांगून ठेवतो. ती हरवते. विसरभोळी नाही, सगळं लक्षात असतं, पण बोलायला माणूस भेटलं की त्याच्याबरोबर चालू लागते. मागे उदगीरला एका लग्नात ती हात धुवायला मांडवाबाहेर गेली आणि किल्लारीहून आलेल्या वऱ्हाडाच्या जीपमध्ये जाऊन बसली. किल्लारी तिचं माहेर. जीपमधली एक बाई त्यांच्याच आळीतली निघाली, बोलता बोलता जीप सुटली आणि आईला काही उतरावंसं वाटलं नाही. आम्ही इकडे उदगीरमधल्या विहिरींत डोकावून आलो, तेव्हा कुठे फोन आला, की आजी जेवल्या, आता झोपल्यात. मोबाइल तिला घेऊन दिलाय. तो देवघरात असतो, हरवू नये म्हणून.

तर आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, पोरगी आणि आई, नांदेडहून लातूरला ताईकडे आलो, आणि सकाळी ताईला घेऊन पाचजण पार्ककडे निघालो. गाडीत मी सगळ्यांना एक भाषण दिलं. बोटांच्या ठशांविषयी मोबाइलवर जे काही फिरत असतं ते मी मन लावून वाचतो. ठसा एकदा दुसऱ्याच्या हातात गेला की आपलं बँकेतलं खातं त्याचंच समजायचं, असा त्याचा मथितार्थ.

“म्हणून सांगतो,” मी म्हणालो, “अंगठा कुणी द्यायचा नाही. पहिलं बोटही नाही. डाव्या हाताची करंगळी द्यायची. करंगळीवर आपलं कुठंच काही नाही.”

“अहो,” बायको म्हणाली, “तुमचं बोट कॉलेजातलं मशीन फुकट घेईना. चोर काय करणार घेऊन?”

पण आईने मला पाठिंबा दिला. आयुष्यात असा प्रसंग क्वचित येतो. तिने एकदाच अंगठा दिला होता, चुलत्यांनी पुढे केलेल्या वाटणीच्या कागदावर, आणि त्यानंतर ती हट्टाने सही शिकली. “त्यो बराबर बोलायलाय,” ती म्हणाली. “अंगठा मी कुनालाच देत नसते.”

गेटवर चार रांगा आणि चार मशीनं होती. आमच्या मशीनपाशी गळ्यात पट्टा अडकवलेली एक मुलगी कॉम्प्युटर घेऊन बसली होती. तिने हसून विचारलं, “नावं सांगा काका.”

“नावं कशाला?”

“ग्रुपमध्ये कोण कोण आहे ते दिसतं. फोटोपण काढतो, चुकामूक झाली तर बरं पडतं.”

“फोटो नको,” मी म्हणालो. “नावंही नकोत.”

“मग काय टाकू?”

“पाहुणे टाका.”

मुलीने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मागे वाढलेल्या रांगेकडे बघितलं आणि ‘पाहुणा एक, पाहुणा दोन’ असं पाचापर्यंत टाकून दिलं. मग करंगळ्या. पहिल्यांदा मी पुढे झालो, कारण घरातला कर्ता पुरुष. मशीनला माझी करंगळी दिसेना. मला बाजूला केलं, ताई पुढे आली, मग पुन्हा मी, पुन्हा लाल दिवा, मग पोरगी, मग आणखी कोण. शेवटी टकलावर घासल्यावर माझंही उमटलं. आईने मात्र करंगळी ठेवली आणि मशीन लगेच ‘पीं’ वाजलं. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं बोर्डात आलेलं पोर नापास पोराकडे बघतं.

सकाळभर आम्ही हिंडलो. पोरगी पाण्यात शिरली ती बाहेर येईना. ताई आणि बायको एका झाडाखाली बसल्या आणि आमच्या घराण्यातल्या सगळ्या लग्नांचा आढावा सुरू झाला. मी आईला ‘खेडेगावाचा देखावा’ दाखवायला घेऊन गेलो. तिथे चूल होती, जातं होतं, आणि दारात एक प्लॅस्टरचा बैल, खाली पाटी: देवणी बैल. आई बराच वेळ त्याच्यासमोर उभी राहिली.

“ह्याचे कान देवणीचे न्हाईत,” ती म्हणाली. “आन् हे बघाया एवढ्या लांब कामून आनलंस? पाळना कुठंय?”

पाळणा समोरच होता. इतका मोठा, की न दिसण्याची सोय नव्हती. मी मान वर करून बघितलं तेव्हा मलाच गरगरलं.

“जेवण झाल्यावर बघू,” मी म्हणालो. आईने पाळण्याकडे जाणारी वाट नीट बघून घेतली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आत बाहेरचं खाणं न्यायला बंदी होती. ताईने पहाटे उठून केलेले धपाटे, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि दह्याचं भांडं गाडीच्या डिकीत होतं. त्यामुळे दुपारी पाचही जण करंगळ्या टेकवून बाहेर आलो आणि पार्किंगमधल्या लिंबाखाली चादर अंथरली. आमच्यासारखीच आणखी कितीतरी कुटुंबं तिथे बसली होती. सगळ्या लिंबाखाली एकच वास, लसूण आणि हिरव्या मिरचीचा.

“पप्पा, आत बर्गर मिळतो,” पोरगी म्हणाली.

“बर्गर खायला आत जा,” ताई म्हणाली, “आन् भूक लागली की बाहेर ये.”

चटणीत तेल सढळ हाताने कालवलेलं होतं. जेवण झाल्यावर भांडी डिकीत ठेवायचं काम माझ्याकडे आलं, आणि चटणीच्या डब्याचं झाकण नीट न बसल्यामुळे सगळं तेल माझ्या डाव्या हातावर ओघळलं. मी ते कागदाने पुसलं आणि गेटवर आलो. बायको, पोरगी आणि ताई पुढे होऊन आत गेल्या. बायकोने जाता जाता मागे बघितलं; आई माझ्याबरोबर होती. मी मशीनवर करंगळी ठेवली.

लाल दिवा.

पुन्हा ठेवली. लाल. पॅन्टला पुसून ठेवली. लाल. मागे रांग वाढली, कुणीतरी म्हणालं, “काका, घरून सराव करून यायचं ना.” मी आणखी दोन-चारदा दाबलं. एकदा कुठेतरी ‘पीं’ वाजलं, पण ते आमच्या मशीनचं की शेजारच्या, हे कळायच्या आत गार्डने माझी पावती बघितली आणि “जावा हो काका, जावा आत,” म्हणून मला पाठीवर हात ठेवून ढकलूनच दिलं.

आत त्या तिघी उभ्या होत्या. बायकोने माझ्या मागे बघितलं.

“आई कुठायत?”

“तुमच्याबरोबर नाही?”

“तुमच्याबरोबर होत्या!”

मी मागे वळून बघितलं. गेटच्या पलीकडे लोकच लोक होते आणि त्यात आईचं हिरवं लुगडं कुठेच नव्हतं.

पहिली दहा मिनिटं माणूस घाबरत नाही, चिडतो. मीही चिडलो. ताई संडासाकडे गेली, पोरगी पाळण्याची रांग बघून आली, बायको त्या प्लॅस्टरच्या बैलापर्यंत जाऊन आली. आई नव्हती. मग मी बोटबीट न टेकवता पळत बाहेर पार्किंगमध्ये गेलो. लिंबाखाली आमच्या जागेवर दुसरं कुटुंब बसलं होतं, त्यांनी कुणालाच पाहिलं नव्हतं. पार्किंगच्या पुढे रस्ता. औशाचा रस्ता म्हणजे चार पदरी, आणि दिवस ऊसतोडीचे. दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर डुलत चाललेले, मध्येच एखादी एसटी सुसाट. रस्त्याकडे बघून माझा राग कुठल्या कुठे गेला.

रस्त्याच्या कडेला चहाची टपरी होती. मी टपरीवाल्याला विचारलं.

“हाव, बसली की एक म्हातारी मघा काळीपिवळीत.”

“लुगडं कोणत्या रंगाचं होतं?”

“म्हातारीच्या लुगड्याचा रंग कोन बघतंय साहेब? व्हतं कसलं तरी.”

“जीप कुठली होती?”

“औसा, लामजना, किल्लारी.”

म्हणजे पुन्हा माहेर. उदगीरला निदान वऱ्हाडाची जीप होती, ओळखीची माणसं होती. ही रस्त्यावरची काळीपिवळी, टपावरसुद्धा माणसं घेणारी. आईकडे मोबाइल नाही. तिची शुगरची दुपारची गोळी माझ्या खिशात. आणि माहेरी तिला आता ओळखणारं कोण उरलंय? गाव तर भूकंपानंतर जागा बदलून नवीन वसलं. जुन्या आळीतली माणसं ह्या टोकाला एक, त्या टोकाला एक.

गेटवर परत आलो तेव्हा भोंग्यावरून आईच्या नावाचा पुकारा चालू होता. बायकोने सांगितलं होतं, आधार कार्डावर आहे तसं, माझ्या वडिलांच्या नावासकट. तिसऱ्यांदा पुकारा झाला तरी कुणी आलं नाही.

“चावी घ्या आणि निघा,” बायको म्हणाली. “जीप औशाला थांबत असेल, गाठाल तुम्ही.”

“आन् ती आतच असली तर?” ताई म्हणाली. “तू तिकडं किल्लारीला जाशील, ती हितं घाबरी होऊन फिरंल.”

मी चावी हातात घेऊन उभा राहिलो. किल्लारीकडे जावं तर आत ती, आत शोधावं तर जीप पुढे. तेव्हा सकाळची ती गेटवरची मुलगी म्हणाली, “थांबा काका, एक मिनिट. येता-जाताना बोट लावता ना, ते इथे येतं.” तिने काहीतरी दाबलं. “तुमच्या ग्रुपचे चौघं आत आहेत. एक जण बाहेर.”

“बाहेर कोण आहे?”

तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. “पाहुणा चार.”

“पाहुणा चार म्हणजे कोण?”

मुलगी काही बोलली नाही. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं, कारण मग ते बोलण्याचं काम बायकोने केलं. ते इथे लिहीत नाही.

सकाळी कोण कितव्या नंबरला होतं हे आम्हाला कुणालाच आठवेना. माझ्याच करंगळीने रांगेचा घोळ घातला होता. मुलीने शांतपणे विचारलं, “काका, जेवून आत आलात तेव्हा तुमचं बोट लागलं होतं का?”

“पीं वाजलं होतं.”

“तुमच्या मशीनचं?”

“ते कळलं नाही. गार्डने आत ढकललं.”

“मग आता बोट ठेवा,” ती म्हणाली. “तुम्ही पाहुणा चार निघालात, तर तुमचं बोट तेव्हा लागलंच नव्हतं. म्हणजे बाहेर दिसताय ते तुम्हीच, आणि आजी आत आहेत. दुसरा नंबर आला तर...” पुढचं ती बोलली नाही. पुढचं म्हणजे रस्ता, ट्रॉल्या आणि काळीपिवळी.

म्हणजे एकूण सगळं माझ्या डाव्या करंगळीवर येऊन ठेपलं. ज्या बोटाला कॉलेजात रोज ‘प्लीज ट्राय अगेन’ ऐकावं लागतं त्याचंच हे धाकटं भावंड. मी ते मशीनवर ठेवलं. लाल.

बायकोने पदराने पुसलं. लाल. ताईने बाटलीतलं पाणी ओतलं, पुन्हा पुसलं. लाल. गार्डने सॅनिटायझर दिलं, “तेल निघंल बगा ह्याने.” तेल निघालं, आणि त्याबरोबर बोटावर जे काही होतं नव्हतं तेही निघालं, करंगळी सुकलेल्या शेंगेसारखी झाली. लाल. मागच्या रांगेतली माणसंही आता हसत नव्हती. कुणीतरी म्हणालं, “फुंकर मारा.” फुंकर मारली. कुणी म्हणालं, “जरा तिरकं ठेवा.” तिरकं ठेवलं. मी कॉलेजातल्या त्या बाईलाही कधी इतकी विनवणी केली नसेल. मनात म्हणत होतो, आज एकदा ओळख, मग जन्मभर ओळखू नकोस.

शेवटी इकडेतिकडे न बघता, भर गर्दीत, मी करंगळी टकलावर घासली. नीट, जोर लावून, कपाळापासून मागे मानेपर्यंत. मग ठेवली.

पीं.

हिरवा दिवा लागला. मुलीने स्क्रीनवर वाचलं आणि तिचाच श्वास आधी सुटला. “पाहुणा चार!”

आयुष्यात आपण बाहेर आहोत ह्याचा मला इतका आनंद कधी झाला नव्हता. मी गार्डच्या खुर्चीवर बसलो. त्याने बसू दिलं. ताईने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढून मलाच रागावली, “बसतोस काय, ऊठ. आत हाय ना ती? मग शोध की.”

पण आता शोधणं म्हणजे नुसतं शोधणं होतं. आत कुंपण आहे, ट्रॉल्या नाहीत, जीप नाही. फार तर ती कुणाशीतरी बोलत बसली असेल. मला एकदम पार्क बरं वाटायला लागलं. हत्तीही बरे वाटले.

आम्ही चौघं वेगवेगळ्या दिशांना निघालो. मी उगाच पाळण्याकडे गेलो. पोरगी तिथली रांग मघाशीच बघून आली होती, पण म्हटलं पुन्हा बघू. दुपारची वेळ, रांगेत कुणीच नव्हतं. पाळणा सावकाश फिरत होता. चढायच्या पायऱ्यांपाशी, एका बाजूला, नीट जोडून ठेवलेल्या दोन चपला होत्या. करड्या पट्ट्याच्या, डावीचा अंगठा शिवलेला. तो मीच दिवाळीत शिवून आणला होता.

अख्ख्या पार्कात चपला काढून पाळण्यात बसणारं दुसरं कोण असणार?

पोरीला रांगेत बघायचं सुचलं होतं. वर बघायचं आमच्यात कुणालाच सुचलं नव्हतं.

पाळण्याशी उभा असलेला माणूस म्हणाला, “तुमच्या आजी का? उतरायलाच तयार न्हाईत. दर फेरीला म्हनतेत, आणखी एक. गर्दी न्हाई, म्हटलं फिरू द्या.”

एक एक डबा खाली येत गेला. मग आईचा आला. पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, दोन्ही हात समोरच्या दांडीवर, आणि चेहऱ्यावर असलं काही, जे मी तिच्या तोंडावर ह्याआधी पाहिल्याचं मला आठवत नाही.

“आई!” मी ओरडलो. “किती शोधलं तुला! आत कधी आलीस?”

“तुझ्या शेजारनंच की,” ती म्हणाली. “तू मशीनशी भांडायलालास. म्हटलं ह्याचं हुईस्तवर दिवस बुडंल. बाजूच्या मशीनला करंगळी लावली, पीं वाजलं, आले आत.”

तर मघाशी वाजलेलं ते ‘पीं’ तिचं होतं. माझ्या हाताच्या अंतरावरून आई गेली आणि मी बोट पुसत होतो.

“आणि नाव पुकारलं ते? भोंग्यावरून? तीनदा?”

“ऐकलं की. एवढ्या मोठ्यानं वरडल्यावर ऐकू येतंय मला. म्हटलं, हाय कुनीतरी माझ्याच नावाची. मला कोन नावानं बोलावतंय? तुझ्या वडिलांनीबी कवा बोलावलं न्हाई.”

मी खिशातून गोळी आणि हातातली पाण्याची बाटली पुढे केली. तिने गोळी घेतली, पण उतरली नाही.

“वरनं समदं दिसतंय,” ती म्हणाली. “उसाच्या गाड्या दिसतेत. औशाकडचं रान दिसतंय. तूबी दिसलास, गेटापाशी टकलावर बोट घासायलास. म्हटलं, हितंबी तेच?”

तेवढ्यात पोरगी धापा टाकत आली, आजीला मिठी मारून एकदा रडली आणि मग तिच्याशेजारी जाऊन बसली. आईने मला विचारलं, “येतोस?” मी वर बघितलं आणि खाली बघितलं.

“तुम्ही जा,” मी म्हणालो. “चपला सांभाळतो.”

पोरीनेही बूट काढून खाली ठेवले, आजी सांगते म्हणून. डबा वर गेला. मी दोन चपला आणि दोन बूट घेऊन पाळण्याखाली उभा राहिलो. मग ताई आणि बायको आल्या, त्यांना सगळं सांगितलं, आणि पुढच्या फेरीला ताईही चढली. बायकोला मी विचारलं, तर ती म्हणाली, “आता माझ्याही घ्या,” आणि सॅंडल काढून माझ्या हातात दिले. सगळी वर गेली. मी खाली, भोवती चपलांचं दुकान मांडून. वरून ती सगळी हात हलवत होती. मी चपलेनेच हात हलवला.

संध्याकाळी निघताना गेटवर तीच मुलगी होती. आईला बघून तिने हात जोडले. मग माझ्याकडे बघून जरा भीतभीत म्हणाली, “काका, आता नावं टाकू का? पुढच्या वेळेला आलात तर.”

मी तोंड उघडायच्या आत आई पुढे झाली. “माझं पैलं टाक,” ती म्हणाली, आणि तिने स्वतःचं नाव सांगितलं. नुसतं नाव. नवऱ्याचं नाही, आडनाव नाही. मुलीने ते टाइप केलं, स्क्रीन तिच्याकडे वळवली आणि आईने ते एकेक अक्षर बोट न लावता वाचलं. मग डाव्या हाताची करंगळी पुढे केली.

“अंगठा मात्र मिळणार न्हाई,” तिने मुलीला बजावलं.

पीं. हिरवा दिवा. आई बाहेर.

मग ताई, बायको, पोरगी. शेवटी मी. माझंही नाव टाकलं, संपूर्ण, फोटोसकट. करंगळी ठेवली. लाल.

गेटच्या पलीकडून, उसाच्या ट्रॉल्यांच्या आवाजावरून, आईचा आवाज आला, “आरं, घास की!”